प्रत्ययाचं भाषांतर नको: इंग्रजी प्रेपोझिशन नेमकं कसं निवडायचं

'तो माझ्यावर रागावला', 'तो माझ्यावर हसला', 'तो माझ्यावर विश्वास ठेवतो', 'तो माझ्यावर अवलंबून आहे'. मराठीत चारही वाक्यांत 'वर' आहे. इंग्रजीत पहिल्या वाक्यात 'अँग्री विथ मी' येतं, दुसऱ्यात 'लाफ्ड ॲट मी', चौथ्यात 'डिपेंड्स ऑन मी', आणि तिसऱ्यात 'ट्रस्ट्स मी', म्हणजे तिथे प्रेपोझिशनच नाही. 'वर' म्हणजे 'ऑन' एवढंच पाठ केलेल्या माणसाची चारपैकी तीन वाक्यं चुकतात.

चूक होते ती पद्धतीमुळे. आपण मराठी प्रत्यय उचलतो, त्याचा इंग्रजी जोडीदार शोधतो आणि वाक्यात बसवतो. भाषांतराचे तक्तेही हेच शिकवतात: 'मध्ये' म्हणजे 'इन', 'पासून' म्हणजे 'फ्रॉम', 'ने' म्हणजे 'बाय'. सुरुवातीला त्यांचा आधार वाटतो, पण पुढे तेच नडतात. शिकणाऱ्याने हे तक्ते शक्य तितक्या लवकर बाजूला ठेवावेत असं मला ठामपणे वाटतं. कारण इंग्रजीत प्रेपोझिशन ठरतं ते एकतर डोळ्यांसमोरच्या चित्रावरून किंवा आधी आलेल्या शब्दावरून. मराठी प्रत्ययाचा त्या निवडीशी संबंध नसतो.

हे असं का झालं, यामागे थोडा इतिहास आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामाला विभक्तीचे प्रत्यय लागत. साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकाच्या काळात ते झिजत गेले आणि त्यांचं काम दोघांनी वाटून घेतलं: वाक्यातल्या शब्दक्रमाने आणि प्रेपोझिशन्सनी. मूठभर शब्दांवर एवढा भार आला की प्रत्येकाला पाच-दहा कामं करावी लागली. 'ऑफ' हा शब्द मुळात 'दूर', 'पासून' अशा अर्थाचा. पुढे त्याच्याकडे आपल्या 'चा-ची-चे'चं काम आलं. जुना अर्थ मात्र काही ठिकाणी टिकून आहे. 'क्युअर्ड ऑफ', 'रिड ऑफ', 'फ्री ऑफ', 'रॉब्ड ऑफ' या सगळ्यांत काहीतरी माणसापासून दूर जातं आहे: आजार, कटकट, बंधन, पैसा. 'चा-ची-चे' धरून बसलं तर 'रॉब्ड हिम ऑफ हिज मनी' ही रचना कधीच पटणार नाही. 'दूर' हा अर्थ धरला की लगेच पटते.

जुन्या विभक्तीची खूण आज मुख्यतः सर्वनामांत उरली आहे. प्रेपोझिशननंतर 'आय', 'ही', 'शी', 'दे' येत नाहीत. 'मी', 'हिम', 'हर', 'देम' येतात. म्हणून 'बिट्वीन यू अँड आय' हे कितीही भारदस्त वाटलं तरी प्रमाण इंग्रजीत चूक. 'बिट्वीन यू अँड मी' बरोबर.

निवडीला बसण्याआधी एक छोटी चाचणी करून बघावी. 'द बुक इज ऑन द टेबल' हे वाक्य घ्या. 'ऑन'च्या जागी 'अंडर' ठेवा, 'निअर' ठेवा, 'बिहाइंड' ठेवा. प्रत्येक वेळी वेगळं, पण अर्थपूर्ण वाक्य मिळतं. इथे प्रेपोझिशनला स्वतःचा अर्थ आहे आणि ते चित्र बघून निवडायचं. आता 'इट डिपेंड्स ऑन द वेदर' घ्या आणि 'ऑन'च्या जागी 'अंडर' किंवा 'निअर' ठेवा. हाती काहीच लागत नाही. इथे 'डिपेंड' या शब्दाने 'ऑन' आधीच ठरवून टाकलं आहे आणि आपल्याला निवडीला वाव नाही. पहिल्या प्रकारात विचार करायचा, दुसऱ्यात आठवायचं. जिथे आठवायचं तिथे विचार करत बसणं आणि जिथे विचार करायचा तिथे पाठांतर करणं, बहुतेक गोंधळ यातूनच होतो.

आधी चित्राची बाजू

'इन', 'ऑन' आणि 'ॲट' या तिघांवर इंग्रजीचा निम्मा डोलारा उभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. 'इन' म्हणजे हद्द असलेली जागा आणि त्या हद्दीच्या आतली वस्तू. 'ऑन' म्हणजे पृष्ठभाग किंवा रेषा आणि तिला टेकलेली वस्तू. 'ॲट' म्हणजे बिंदू. जागेचा आकार, लांबी-रुंदी यांचा विचारच नाही, फक्त 'कुठे' एवढंच.

खिडकी एकच घेऊ. 'शी स्टूड ॲट द विंडो': ती खिडकीपाशी उभी होती, खिडकी ही फक्त ठिकाणाची खूण. 'रेनड्रॉप्स ऑन द विंडो': थेंब काचेला चिकटलेले, खिडकी झाली पृष्ठभाग. 'अ क्रॅक इन द विंडो': तडा काचेच्या अंगात गेलेला, खिडकी झाली घन वस्तू. वस्तू तीच, बोलणारा तिच्याकडे कसा बघतो ते बदललं. कोपऱ्याचंही तसंच. रस्त्याचा कोपरा बाहेरून दिसतो, तो एक टोकाचा बिंदू असतो, म्हणून 'ॲट द कॉर्नर ऑफ द स्ट्रीट'. खोलीचा कोपरा आतून दिसतो, त्याला दोन बाजूंनी भिंती असतात, म्हणून 'इन द कॉर्नर ऑफ द रूम'.

'ऑन'चा अर्थ 'वरच्या बाजूला' असा घेतला की घोटाळा होतो. छताला उलटी चिकटलेली माशी 'ऑन द सीलिंग' असते आणि भिंतीवरचं चित्र 'ऑन द वॉल'. 'ऑन'ला उंचीशी देणंघेणं नाही, स्पर्शाशी आहे. मराठीची आणि इंग्रजीची नजर कुठे वेगळी होते ते इथे छान दिसतं. आपण बोटात अंगठी घालतो आणि पायात बूट घालतो; इंग्रजीत अंगठी 'ऑन द फिंगर' आणि बूट 'ऑन द फीट', कारण वस्तू अंगाला बाहेरून टेकलेली आहे. उलट आपण म्हणतो झाडावर पक्षी बसला. इंग्रजीत तो 'इन द ट्री' असतो, कारण फांद्या-पानांच्या घेरात तो आत आहे. त्याच झाडाला लागलेलं फळ मात्र 'ऑन द ट्री', कारण ते फांदीला जोडलेलं आहे. आणि काही वेळा दोन्ही भाषांची नजर जुळते: आपण आरामखुर्चीत बसतो आणि स्टुलावर बसतो, इंग्रजीतही 'इन ॲन आर्मचेअर' आणि 'ऑन अ स्टूल'. हात असलेली खुर्ची माणसाला आत घेते, स्टूल घेत नाही.

रेषेसाठीही 'ऑन'च. नदीकाठचं गाव 'ऑन द रिव्हर', सीमेवरची चौकी 'ऑन द बॉर्डर', वाटेत भेटलेला माणूस 'ऑन द वे'.

वाहनांचा प्रश्न नेहमी विचारला जातो. मोटारीत 'इन द कार', 'इन द टॅक्सी'. बस, रेल्वे, विमान, जहाज यांत 'ऑन'. ढोबळ खूण अशी की ज्यात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन', ज्यात वाकून शिरून बसून राहावं लागतं त्याला 'इन'. सायकल आणि घोडा यांच्या पाठीवर आपण बसतो, तिथे 'ऑन' सहज येतं. प्रवासाचं साधन सांगायचं असेल तर 'बाय बस', 'बाय ट्रेन'. पण त्या नामाआधी 'माय', 'अ' किंवा 'द' आलं की 'बाय' गेलं. 'आय वेंट बाय माय कार' म्हणत नाहीत, 'इन माय कार' म्हणतात. पायी जाणं 'ऑन फूट'.

'वर'चे आणखी दोन वाटेकरी आहेत. स्पर्श नसेल आणि नुसती पातळी उंच असेल तर 'अबव्ह': 'अबव्ह सी लेव्हल'. वरून झाकणं किंवा ओलांडून जाणं असेल तर 'ओव्हर': जखमेवरची पट्टी 'ओव्हर द वूंड', कुंपणावरून मारलेली उडी 'ओव्हर द फेन्स'. वय आणि संख्येबरोबर 'ओव्हर' जास्त रुळलेलं आहे, तापमानासारख्या मोजपट्टीवर 'अबव्ह'. खालच्या बाजूला 'अंडर' आणि 'बिलो' यांची विभागणी साधारण अशीच.

मला सर्वांत आवडणारी जोडी 'टू' आणि 'ॲट' यांची. 'ही थ्रू द बॉल टू मी' म्हणजे मी झेलावा म्हणून त्याने चेंडू माझ्याकडे टाकला. 'ही थ्रू द बॉल ॲट मी' म्हणजे त्याने तो मला मारला. 'शाउटेड टू मी' म्हणजे मला ऐकू यावं म्हणून ओरडला, 'शाउटेड ॲट मी' म्हणजे माझ्यावर खेकसला. 'टू'मध्ये समोरचा माणूस घेणारा असतो, 'ॲट'मध्ये तो नेम असतो. एवढं लक्षात आलं की 'लुक ॲट', 'स्टेअर ॲट', 'पॉइंट ॲट', 'एम ॲट' आणि पहिल्या परिच्छेदातलं 'लाफ ॲट' हे सगळे एका कुळातले दिसू लागतात. नजर, बोट, बंदूक आणि हसू, सगळ्यांचा रोख एका बिंदूवर. 'अँग्री ॲट मी' असंही काही जण म्हणतात, विशेषतः अमेरिकेत. तेही याच कुळातलं.

'टू'बद्दल एवढंच: त्यात गती असते. पोहोचल्यावर गती संपते, म्हणून 'अराइव्ह'ला 'टू' लागत नाही. छोटं ठिकाण बिंदूसारखं, तिथे 'अराइव्ह ॲट'. शहर किंवा देश हद्दीसारखा, तिथे 'अराइव्ह इन'.

वेळेचं चित्र

इंग्रजीने वेळेलाही जागेचेच शब्द दिले. घड्याळातला क्षण बिंदू, म्हणून 'ॲट फाइव्ह'. दिवस आणि तारीख यांना 'ऑन'. महिना, वर्ष, शतक ही हद्द असलेली मुदत, म्हणून 'इन'. एवढं बहुतेकांना येतं. चुका होतात त्या कडेच्या ठिकाणी. 'इन द मॉर्निंग' बरोबर, पण त्या सकाळीला वार किंवा तारीख जोडली की ती एका ठरावीक दिवसाची होते आणि 'ऑन' येतं: 'ऑन संडे मॉर्निंग', 'ऑन द मॉर्निंग ऑफ द फिफ्थ ऑफ जून'. रात्रीला 'ॲट नाइट', हे तसंच स्वीकारावं. आणि 'लास्ट', 'नेक्स्ट', 'धिस', 'एव्हरी' आले की प्रेपोझिशन गळतं: 'नेक्स्ट मंडे', 'ऑन नेक्स्ट मंडे' नव्हे.

मराठी माणसाला खरी अडचण येते ती 'पासून' आणि 'पर्यंत' या दोघांशी.

'मी दोन तासांपासून वाट बघतोय' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. त्याचं थेट इंग्रजी 'आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स' असं होतं आणि त्यात दोन चुका असतात. 'सिन्स'ला सुरुवातीचा क्षण हवा असतो: 'सिन्स मंडे', 'सिन्स टू ओ'क्लॉक', 'सिन्स २०१९'. 'दोन तास' ही सुरुवात नाही, लांबी आहे, लांबीला 'फॉर'. दुसरी चूक क्रियापदाची: भूतकाळात सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेला 'ॲम वेटिंग' पुरत नाही, 'हॅव बीन वेटिंग' लागतं. म्हणजे 'आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स'. मराठीत 'पासून' दिसलं की स्वतःला विचारावं: यापुढे घड्याळातली खूण आहे की तासांची मोजणी? आणि क्रिया अजून सुरूच झालेली नसेल, किंवा तिची दोन्ही टोकं सांगायची असतील, तर 'फ्रॉम': 'फ्रॉम टुमॉरो', 'फ्रॉम नाइन टू फाइव्ह'.

'शुक्रवारपर्यंत अहवाल द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत इथेच राहा'. आपल्याला दोन्हींत 'पर्यंत' पुरतं, इंग्रजीला पुरत नाही. अहवाल देणं एका क्षणात घडतं आणि तो क्षण शुक्रवारच्या आधी किंवा शुक्रवारी यायला हवा: 'बाय फ्रायडे'. राहणं मधला सगळा काळ चालू असतं: 'अंटिल फ्रायडे'. इथे चूक झाली तर नुसतं व्याकरण बिघडत नाही. 'युअर रूम विल बी रेडी बाय सेव्हन' म्हणजे सातपर्यंत खोली तयार होईल. 'अंटिल सेव्हन' म्हटलं तर सातनंतर ती तुमची राहणार नाही असं समोरचा समजेल.

तसंच 'दोन दिवसांनी' आणि 'दोन दिवसांत'. आजपासून मोजून दोन दिवसांनी येणार असाल तर 'आय विल कम इन टू डेज'. हे 'इन' अनेकांना 'आत' वाटतं आणि ते एक दिवस आधीच वाट बघू लागतात. 'दोन दिवसांच्या आत' असं ठामपणे सांगायचं असेल तर 'विदिन टू डेज' म्हणावं. 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळेला. 'इन टाइम' म्हणजे उशीर होण्याआधी, हातात थोडा वेळ असताना.

आधीच्या शब्दाने ठरवलेलं प्रेपोझिशन

आता दुसरी बाजू, जिथे चित्र फारसं मदत करत नाही. 'अफ्रेड फ्रॉम' नाही, 'अफ्रेड ऑफ'. 'गुड इन इंग्लिश' पेक्षा 'गुड ॲट इंग्लिश'. 'मॅरीड विथ' नाही, 'मॅरीड टू'. हे पाठ करावं लागतं, पण शब्दांच्या लांबलचक याद्या घोकण्यापेक्षा कुळं ओळखावीत. अडवणं, वाचवणं, वेगळं होणं यांत 'फ्रॉम' येतं: 'प्रिव्हेंट', 'प्रोटेक्ट', 'डिफर', 'रिकव्हर', 'रिफ्रेन'. आधार घेण्याच्या अर्थात 'ऑन': 'डिपेंड', 'रिलाय', 'बेस्ड', एखाद्या गोष्टीवर भार टाकून टेकल्याचं चित्र अजूनही त्यात पुसट दिसतं. मिळवायची वस्तू किंवा मोबदला असेल तिथे 'फॉर': 'वेट', 'आस्क', 'सर्च', 'पे', 'अपॉलजाइज'. मनाची अवस्था सांगणारी बरीच विशेषणं 'ऑफ' घेतात: 'प्राउड', 'अशेम्ड', 'टायर्ड', 'अवेअर', 'फाँड'.

एका कुळाचं कारण तर थेट सांगता येतं. 'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'सीनियर', 'ज्युनियर', 'प्रायर' हे लॅटिनमधून आलेले तुलनावाचक शब्द आहेत. त्यांच्या शेवटच्या 'यर'मध्ये 'पेक्षा'ची तुलना आधीच सामावलेली आहे, म्हणून त्यांना 'दॅन' लागत नाही, 'टू' लागतं. 'सीनियर दॅन मी' नाही, 'सीनियर टू मी'. 'प्रिफर' हा शब्दही लॅटिनचाच आणि त्यालाही 'टू': 'आय प्रिफर वॉकिंग टू रनिंग'.

काही क्रियापदं दोन-तीन प्रेपोझिशन घेतात आणि प्रत्येकाबरोबर नातं बदलतं. माणसाशी सहमत असलो तर 'अग्री विथ', प्रस्तावाला मान्यता दिली तर 'अग्री टू', दोघांनी मिळून तारीख किंवा किंमत ठरवली तर 'अग्री ऑन'. 'हर्ड फ्रॉम हर' म्हणजे तिचं पत्र किंवा फोन आला. 'हर्ड ऑफ हर' म्हणजे तिचं नाव ऐकून आहे. 'हर्ड अबाउट हर' म्हणजे तिच्याबद्दल काही कळलं. अशी क्रियापदं एकेक शब्द म्हणून न शिकता दोन शब्दांचा एक तुकडा म्हणून शिकावीत. जीभ 'डिपेंड' म्हणताच 'ऑन'वर गेली पाहिजे.

'ने'चाही उलगडा इथेच करू. 'त्याने चाकूने दोरी कापली' यात दोन 'ने' आहेत. पहिला कर्ता आहे, दुसरं साधन. कर्मणी वाक्यात इंग्रजी कर्त्याला 'बाय' देते आणि साधनाला 'विथ': 'द रोप वॉज कट बाय हिम विथ अ नाइफ'. 'कट बाय नाइफ' असं लिहिलं की चाकूच कर्ता होऊन बसतो.

'टू'चा एक सापळा चांगल्या लिहिणाऱ्यांनाही पकडतो. 'आय वाँट टू मीट यू' यातलं 'टू' प्रेपोझिशन नाही, ते क्रियापदाच्या मूळ रूपाचं चिन्ह आहे. 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' यातलं 'टू' मात्र प्रेपोझिशन आहे आणि प्रेपोझिशननंतर क्रियापदाचं 'इंग' रूपच येतं. ओळखायची युक्ती सोपी: 'टू'नंतर क्रियापदाऐवजी एखादं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज' चालतं, म्हणजे ते प्रेपोझिशन. 'आय वाँट टू द हॉलिडेज' चालत नाही. 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', सवय झालेली असण्याच्या अर्थाचं 'बी यूज्ड टू' हे सगळे 'लुक फॉरवर्ड टू'च्या गटातले.

जिथे काहीच लावायचं नाही

इथे सर्वांत जास्त चुका होतात असं माझं निरीक्षण आहे, आणि त्या करणारे लोक बहुधा चांगलं इंग्रजी लिहिणारे असतात. 'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन'. 'ही एम्फसाइज्ड ऑन क्वालिटी'. 'दे रिक्वेस्टेड फॉर मोअर टाइम'. 'शी ऑर्डर्ड फॉर टू बुक्स'. चारही वाक्यांतलं प्रेपोझिशन काढून टाका, वाक्यं बरोबर होतील.

या चुकांमागे एक नियमित कारण आहे. या प्रत्येक क्रियापदाचं एक जुळं नाम आहे आणि त्या नामाला प्रेपोझिशन लागतं. 'डिस्कशन अबाउट', 'एम्फसिस ऑन', 'रिक्वेस्ट फॉर', 'ऑर्डर फॉर' हे सगळं बरोबर आहे. नामाची सवय आपण क्रियापदाला लावतो. क्रियापद आपलं कर्म थेट घेऊ शकतं; नामाला कर्म घेता येत नाही, म्हणून मध्ये दुवा लागतो. ही एक गोष्ट पक्की झाली की डझनभर चुका एकदम जातात: 'डिमांड फॉर' नामाबरोबर, क्रियापदाला काही नाही. 'इफेक्ट ऑन' नामाबरोबर, 'अफेक्ट' क्रियापदाला काही नाही. 'ॲन अटॅक ऑन द फोर्ट', पण 'दे अटॅक्ड द फोर्ट'. 'अ लॅक ऑफ टाइम', पण 'वी लॅक टाइम'. 'ॲन इन्व्हेस्टिगेशन इंटू द मॅटर', पण 'दे इन्व्हेस्टिगेटेड द मॅटर'. 'ॲन ॲन्सर टू द क्वेश्चन', पण 'ही ॲन्सर्ड द क्वेश्चन'.

हा नियम सगळीकडे चालत नाही हेही सांगायला हवं. 'डिपेंड'ला 'ऑन' लागतं आणि 'डिपेंडन्स'लाही लागतं. पण शंका आली तर 'हे क्रियापद आहे की नाम' हा प्रश्न विचारून बघावा, बरेचदा उत्तर मिळतं.

'ला' या प्रत्ययामुळेही फाजील 'टू' शिरतं. 'मी त्याला सांगितलं' याचं 'आय टोल्ड टू हिम' होतं. हवं असतं 'आय टोल्ड हिम'. 'आस्क'ही तसाच. पण 'से' आणि 'एक्स्प्लेन' यांना 'टू' लागतंच: 'सेड टू हिम', 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'एक्स्प्लेन मी' हे चूक. 'मी घरी गेलो'चं 'वेंट होम', 'तिथे गेलो'चं 'वेंट देअर', 'परदेशी गेलो'चं 'वेंट अब्रॉड'. या शब्दांतच दिशा आहे. 'रीच'लाही काही लागत नाही. खोलीत शिरताना 'एंटर द रूम'. पण करार करताना 'एंटर इंटू ॲन ॲग्रीमेंट' हे बरोबर आहे. 'कोप अप विथ' मधलं 'अप' आणि 'रिटर्न बॅक' मधलं 'बॅक' खुशाल काढून टाका.

उलट काही वेळा हवं असलेलं प्रेपोझिशन गळून पडतं, विशेषतः वाक्याच्या शेवटी. 'गिव्ह मी समथिंग टू राइट' एवढंच म्हटलं तर समोरचा चक्रावेल. पेन हवं असेल तर 'समथिंग टू राइट विथ', कागद हवा असेल तर 'टू राइट ऑन', विषय हवा असेल तर 'टू राइट अबाउट'. बसायला खुर्ची 'अ चेअर टू सिट ऑन', राहायला घर 'अ हाउस टू लिव्ह इन'. मराठीत 'बसायला', 'राहायला' यांत हे नातं न बोलता कळतं, म्हणून आपण इंग्रजीतही ते सोडून देतो.

वाक्याचा शेवट प्रेपोझिशनने करू नये असं काही जण सांगतात. हा आक्षेप जुना आहे. कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या लेखनात असे शेवट दाखवून त्यांना दोष दिला होता. पण इंग्रजीचा स्वभावच तसा आहे. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' याला बोलण्यात दुसरा सहज पर्याय नाही. अतिशय औपचारिक लेखनात 'द पर्सन टू हूम आय स्पोक' अशी रचना शोभते, बाकी ठिकाणी शेवटी प्रेपोझिशन ठेवायला अजिबात बिचकू नये.

'बिट्वीन' दोघांत आणि 'अमंग' अनेकांत, हा नियमही अर्धाच खरा. घटक वेगवेगळे, नावानिशी ओळखता येण्यासारखे असतील तर तिघा-चौघांतही 'बिट्वीन' येतं: 'अ ट्रीटी बिट्वीन थ्री कंट्रीज'. गर्दीत, समूहात मिसळलेलं असेल तर 'अमंग'.

एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरंही असतात. शनिवार-रविवारी ब्रिटिश माणूस 'ॲट द वीकेंड' म्हणतो, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. संघात असणं ब्रिटनमध्ये 'इन द टीम', अमेरिकेत 'ऑन द टीम'. 'डिफरंट फ्रॉम' दोन्हीकडे चालतं, 'डिफरंट टू' ब्रिटनमध्ये ऐकू येतं, 'डिफरंट दॅन' अमेरिकेत. परीक्षेत किंवा औपचारिक पत्रात 'डिफरंट फ्रॉम' लिहावं, त्यावर कोणी हरकत घेणार नाही.

शंका आली की शब्दकोश उघडावा, पण इंग्रजी-मराठी नव्हे. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्यावा आणि त्यात प्रेपोझिशन शोधू नये. 'ऑन'ची नोंद इतकी लांब असते की आणखी गोंधळ होतो. शोधायचा तो आधीचा शब्द: क्रियापद, विशेषण किंवा नाम. चांगल्या शब्दकोशात त्या शब्दाबरोबर येणारं प्रेपोझिशन ठळक छापलेलं असतं आणि खाली उदाहरण असतं. 'रिस्पॉन्सिबल' उघडून बघा. कामाची जबाबदारी असेल तर 'फॉर' आणि ज्याला उत्तर द्यायचं त्याच्यासाठी 'टू', असं दोन्ही तिथे दिलेलं सापडेल. वहीत उतरवताना सुटा शब्द लिहू नये, दोन्ही नाती दाखवणारं एक अख्खं वाक्य लिहावं: 'शी इज रिस्पॉन्सिबल टू द डायरेक्टर फॉर द होल प्रोजेक्ट'.